विश्लेषण : डिस्नेलँड हॉटेलची ७० वर्षे, नाचती कारंजी, धबधबे आणि रिमोटच्या बोटी गेल्या कुठे?

अमेरिकेतील कॅलिफोर्नियात, अनाहाइम शहरातल्या डिस्नेलँड हॉटेलला ऑक्टोबर २०२५ मध्ये ७० वर्षे पूर्ण झाली. मुलाकडे किंवा मुलीकडे अमेरिकेला गेलेले आई-बाबा ज्या डिस्नेलँडच्या दारात हमखास फोटो काढतात, त्याच्या शेजारचेच हे हॉटेल. आज तिथे उतरणाऱ्या कुटुंबाला चकाचक खोल्या, घसरगुंड्यांचा तलाव आणि पार्कपर्यंत चालत जाण्याची सोय मिळते. मात्र लहानपणी, चाळीसेक वर्षांपूर्वी तिथे राहून गेलेल्यांना भलतेच काही आठवते. धबधब्याच्या मागून जाणारी ओली वाट, नाणे टाकून चालवायची रिमोटची बोट, रात्री रंगीत दिव्यांत संगीतावर नाचणारी कारंजी. यातले आज काहीही शिल्लक नाही. एका हॉटेलातल्या कारंज्यासाठी माणसे इतकी हळवी का होतात? आणि ज्या कंपनीचा धंदाच आठवणींवर चालतो, तिनेच या गोष्टी का मोडल्या?

हॉटेल डिस्नेचे नव्हते?

पहिली ३३ वर्षे नव्हते. संत्र्यांच्या बागा हटवून वॉल्ट डिस्ने यांनी पार्क उभारले, त्याचा खर्च १ कोटी ७० लाख डॉलरवर गेला. तेवढा पैसा उभा करताना त्यांना एबीसी या टीव्ही कंपनीला भागीदार करून घ्यावे लागले. हॉटेल बांधायला हाताशी काही उरले नव्हते. म्हणून त्यांनी जॅक रॅदर यांना गळ घातली. रॅदर हे तेलाच्या धंद्यातले आणि टीव्हीच्या दुनियेतलेही. ‘द लोन रेंजर’ ही त्या काळची गाजलेली मालिका त्यांच्या मालकीची होती. त्यांच्या पत्नी बोनिता ग्रॅनव्हिल हॉलीवूडच्या अभिनेत्री. पार्क १७ जुलै १९५५ रोजी उघडले, रॅदर यांचे हॉटेल ५ ऑक्टोबरला. सुरुवातीला ते म्हणजे हायवेवर असते तसे एक बसके, साधे मोटेल होते. ‘डिस्नेलँड’ हे नाव मात्र करारानेच रॅदर यांना वापरायला मिळाले होते.

पार्क तुफान चालले आणि त्याच्याभोवती दुसऱ्यांच्या मोटेलांची गर्दी झाली. पाहुणे डिस्नेचे, खोलीभाड्याचा गल्ला दुसऱ्यांचा. पुढे फ्लोरिडात वॉल्ट डिस्ने यांनी गुपचूप सुमारे २७ हजार एकर जमीन घेऊन ठेवली, त्यामागे हाच धडा होता. अनाहाइमचे हॉटेल त्यांच्या हयातीत त्यांच्या मालकीचे झाले नाही. त्यांचे निधन डिसेंबर १९६६ मध्ये झाले. रॅदर १९८४ मध्ये गेले आणि त्यानंतर चार वर्षांनी, १९८८ मध्ये, डिस्नेने त्यांची कंपनीच विकत घेतली तेव्हा कुठे हॉटेल ताब्यात आले.

मालकीचा हा तपशील कोरडा वाटेल, पण पुढचे सगळे त्यावरच अवलंबून आहे.

बागेत गोल्फ आणि बंदर कशाला?

आजच्या वाचकाला चटकन खरे वाटणार नाही, पण १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत डिस्नेलँड गर्दीचा हंगाम सोडला तर सोमवारी आणि मंगळवारी बंद असे. आता समजा पाहुणा रविवारी आला आणि तीन दिवस राहिला. मधल्या दोन दिवसांत त्याने करायचे काय? पार्क दुसऱ्याचे, हॉटेल आपले, त्यामुळे पाहुण्याला गुंतवून ठेवण्याची जबाबदारीही आपलीच, असा रॅदर यांचा सरळ हिशेब होता.

त्यातून हॉटेलभोवती एक वेगळेच छोटे जग उभे राहिले. सुरुवातीच्या काळात गोल्फचे मैदान आणि मिनी गोल्फ आले. १९६१ मध्ये पार्कमधली मोनोरेल वाढवून थेट हॉटेलच्या दारात आणली गेली. मुंबईकरांना चेंबूर-वडाळा मोनोरेल माहीत आहे, तत्त्व तेच. काँक्रीटची एकच तुळई आणि तिच्यावर घोड्यावर मांड ठोकावी तसा बसलेला डबा. जर्मनीतल्या आल्वेग कंपनीच्या पद्धतीवर बेतलेली ही गाडी डिस्नेलँडमध्ये १९५९ पासून धावत होती, पण तोवर ती पार्कातल्या पार्कात फिरणारी मजेची फेरी होती. हॉटेलपर्यंत आल्यावर ती खऱ्या अर्थाने वाहतूक झाली. जेवणाच्या वेळेला पार्कमधून निघून खोलीवर यायचे, पोहायचे आणि संध्याकाळी पुन्हा गाडीने आत जायचे, असा कित्येक कुटुंबांचा दिनक्रम बनला.

१९६२ मध्ये सिएरा हा पहिला उंच टॉवर झाला. त्याच्या माथ्यावरच्या लाउंजमधून समोरचे अख्खे पार्क दिसे. १९७० मध्ये मरीना टॉवर आणि त्याच्या पुढ्यात पाण्याचे मोठे कृत्रिम बंदर आले. १९७८ मध्ये तिसरा टॉवर उभा राहिला, त्याला रॅदर यांनी पत्नीचे नाव दिले, बोनिता. या तीन टॉवरांमधल्या जागेतच आठवणींचा सगळा ऐवज आहे. बंदरात पेडल बोटी होत्या. कठड्याशी उभे राहून नाणे टाकले की समोरच्या पाण्यातली छोटी बोट आपल्या हातातल्या चाकाच्या इशाऱ्यावर फिरू लागे. रिमोटच्या गाड्यांचा ट्रॅकही होता. रंगीत कोई माशांची तळी होती. आणि धबधबे होते. कृत्रिम खडकांवरून पडणारे, ज्यांच्या मागून चालत जाता येई आणि बाहेर येईपर्यंत कपडे दमट होत.

मासे बघायला पैसे पडत नसत. धबधब्याखालून दहा वेळा गेले तरी कोणी तिकीट मागत नसे. दिवसभर पार्कमध्ये रांगा लावून वैतागलेल्या मुलांना इथे पालक मोकळे सोडत असत.

कारंजी नाचत कशी?

या साऱ्यात सर्वाधिक आठवण निघते ती ‘डान्सिंग वॉटर्स’ या कार्यक्रमाची. १९७० पासून तो या हॉटेलात होत असे. कल्पना मूळची जर्मन. ओटो प्रिस्टाविक या तंत्रज्ञाने संगीताच्या तालावर हलणारी कारंजी तयार केली आणि १९५३ मध्ये ती न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये पोहोचली. रचना ऐकायला सोपी आहे. पाण्याखाली पाइपांच्या रांगा, त्यांवर बारीक तोंडाचे नोझल, मागे पंप आणि प्रत्येक रांगेला वेगळा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्ह जितका उघडेल तितका फवारा उंच. काही रांगा डावी-उजवीकडे झुलतात, खालून रंगीत दिवे पडतात.

आज हे काम संगणक करतो. मूळच्या पद्धतीत मात्र एक माणूस पेटीवादकासारखा बटणांच्या फळीसमोर बसून गाणे ऐकत फवारे ‘वाजवत’ असे. पंपाने दाब दिल्यापासून पाणी वर पोहोचेपर्यंत क्षणभर जातो, म्हणून बोट ठेक्याच्या किंचित आधी पडावे लागे. तबलजी आणि गायक यांच्यात असते तसली ती अंदाजाची गोष्ट होती.

डिस्नेकडे मालकी आल्यावर कार्यक्रमाचे नाव ‘फँटसी वॉटर्स’ झाले आणि गाणी डिस्नेच्या चित्रपटांची आली. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो बंद पडला. गंमत अशी की याच काळात कारंज्यांच्या कार्यक्रमांना जगभर भाव आला. लास वेगासच्या बेलाजिओ हॉटेलसमोरची कारंजी १९९८ ची, दुबईत बुर्ज खलिफाच्या पायथ्याची २००९ ची. दोन्ही एकाच कंपनीने केली, आणि ती कंपनी स्थापन करणारे मार्क फुलर हे मूळचे डिस्नेचेच इंजिनिअर.

अनाहाइममध्येही कारंजी परतली, पण हॉटेलात परतली नाहीत. जून २०१० मध्ये शेजारच्या डिस्ने कॅलिफोर्निया ॲडव्हेंचर या दुसऱ्या पार्कमध्ये ‘वर्ल्ड ऑफ कलर’ सुरू झाले. जवळपास १,२०० फवारे, पाण्याच्या पडद्यावर चित्रपट, डोळे दिपवणारा कार्यक्रम. पाहायचा तर पार्कचे तिकीट काढायचे.

बाकीचे केव्हा गेले?

मोठा घाव १९९९ चा. दुसरे पार्क आणि ‘डाउनटाउन डिस्ने’ हा दुकाने-रेस्तराँचा रस्ता यांसाठी जागा हवी होती. १९५५ पासूनच्या मूळ बसक्या इमारती आणि जुना प्लाझा पाडण्यात आला. गोल्फ त्याच्या कितीतरी आधीच विस्तारात गेले होते. मोनोरेलचे स्टेशन २००१ पासून डाउनटाउन डिस्नेचे स्टेशन म्हणून ओळखले जाऊ लागले. म्हणजे गाडी तिथेच थांबते, पण उतरणारा आता हॉटेलऐवजी बाजारात उतरतो. १९९९ मध्येच पीटर पॅनच्या गोष्टीवर बेतलेला ‘नेव्हर लँड’ पोहण्याचा तलाव बांधला गेला. पुढे २००९ ते २०१२ या काळात हॉटेलची मोठी डागडुजी झाली, त्यात धबधबे गेले आणि नेव्हर लँडही गेला.

टॉवरांची नावे तर दोनदा बदलली. सिएरा, मरीना, बोनिता यांची आधी मॅजिक, ड्रीम्स, वंडर झाली आणि मग ॲडव्हेंचर, फँटसी, फ्रंटियर. आताची नावे पार्कमधल्या विभागांची आहेत. बोनिता ग्रॅनव्हिल यांचे नाव टॉवरवरून पुसले गेले.

फुकटच्या गोष्टीच आधी का जातात?

डिस्नेने मुद्दाम आठवणी चिरडल्या असा सूर चाहत्यांच्या बोलण्यात असतो. हिशेब मांडला तर त्यात दुष्टाव्यापेक्षा गणित जास्त दिसते.

धबधबा चालवायचा म्हणजे पंप चोवीस तास, गळती रोज, शेवाळ आठवड्याला आणि ओल्या फरशीवर कोणी घसरले तर कोर्टाची नोटीस. उत्पन्न शून्य. रॅदर यांच्यासाठी हा खर्च म्हणजे पाहुणा टिकवण्याची किंमत होती. धबधबा पाहायला माणूस एक रात्र जास्त राहिला तर ते भाडे त्यांच्या खिशात येई. १९८८ नंतर हॉटेल आणि पार्क एकाच खिशाचे झाले. पार्क तोवर आठवडाभर उघडे राहू लागले होते. आता पाहुण्याने हॉटेलच्या आवारात संध्याकाळ घालवली तर पार्कमधले खाणे, खेळणी, टोप्या यांवर होणारा त्याचा खर्च बुडतो. हॉटेल जितके करमणुकीचे, तितका पार्कचा तोटा. स्पर्धकाच्या आवारातली कारंजी ही धंद्याची गरज होती, स्वतःच्या आवारातली तीच कारंजी अडचण ठरली. जमीनही तुटपुंजी. फ्लोरिडात हजारो एकर मोकळे असताना अनाहाइममध्ये रस्त्यापलीकडे दुसऱ्यांची मोटेले. तळ्याच्या जागी खोल्या किंवा दुकाने उभी करायचा मोह होणारच.

अर्थात फ्लोरिडातही हे घडलेच. तिथले पॉलिनेशियन हॉटेल १९७१ चे. त्याच्या लॉबीत ताडाच्या झाडांमधून पडणारा मोठा धबधबा होता, तो २०१४ मध्ये काढून टाकला. त्याच वर्षी हॉटेलला ‘पॉलिनेशियन व्हिलेज’ हे १९८५ पूर्वीचे जुने नाव मात्र समारंभाने परत देण्यात आले. नाव बदलायला फलक लागतो. धबधब्याला पंप लागतो.

आठवणी कितपत खऱ्या?

स्मरणरंजन हा एकेकाळी आजार मानला जाई. १६८८ मध्ये योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने बाझेलमध्ये लिहिलेल्या प्रबंधात घरापासून दूर असलेल्या स्विस लोकांच्या झुरण्याला ‘नॉस्टॅल्जिया’ हे नाव दिले. अलीकडे इंग्लंडमधील साउदॅम्प्टन विद्यापीठातील कॉन्स्टंटाइन सेडिकिडीस आणि टिम वाइल्डशुट यांच्या संशोधनाने चित्र बरेच बदलले. अशा आठवणींच्या केंद्रस्थानी बहुतेकदा जवळची माणसे असतात आणि एकटे वाटत असताना माणूस त्यांकडे वळतो, असे त्यांना आढळले.

हॉटेलच्या बाबतीत हे लगेच पटते. पार्कमध्ये वडील रांगेत उभे असतात, आई नकाशा बघत असते, वेळेचे गणित चालू असते. हॉटेलच्या आवारात संध्याकाळी कोणाला कुठे पोहोचायचे नसते. रिमोटच्या बोटीसाठी खिशातून चिल्लर काढून देणारे वडील हेच त्या आठवणीतले खरे पात्र. ते आज हयात असतीलच असे नाही, बोट तर नाहीच. दुरुस्तीच्या नावाखाली नेमकी तीच जागा गेली की चिडणाऱ्याची चीड केवळ कारंज्यापुरती नसते.

पण हेही खरे की आठवण सोयीने निवडते. हॉटेलच्या सोनेरी काळाच्या वर्णनांत विमानतळावरून हेलिकॉप्टरने येण्याची ऐट हमखास असते. लॉस एंजेलिस विमानतळ आणि अनाहाइममधील डिस्नेलँड हेलिपोर्ट यांच्यात तशी सेवा खरोखरच होती. १९६८ मध्ये त्याच मार्गावर तीन महिन्यांत दोन हेलिकॉप्टरे कोसळली. मे महिन्यात २३ आणि ऑगस्टमध्ये २१ जण मृत्युमुखी पडले. जुन्या रंगीत पोस्टकार्डांवर हेलिकॉप्टर दिसते, हा भाग नसतो.

शिवाय प्रत्येक पिढीचे ‘मूळ’ हॉटेल वेगळे. डोनाल्ड बॅलार्ड यांनी ज्या रॅदर-काळावर पुस्तके लिहिली, तो संत्र्यांच्या बागेतल्या मोटेलचा काळ. सत्तरच्या दशकातली मुले कारंज्यांसाठी झुरतात. आणि ज्या नेव्हर लँड तलावाला तेव्हाच्या जुन्या लोकांनी नाके मुरडली, त्याच्यासाठी आज तिशीत आलेली मंडळी हळहळतात. तो जेमतेम दहा-बारा वर्षे होता.

मग डिस्ने आता काय विकते आहे?

तेच जुने, नव्या वेष्टनात. नेव्हर लँडच्या जागी आलेल्या तलावाच्या घसरगुंड्यांच्या माथ्यावर १९५९ च्या मोनोरेलच्या प्रतिकृती बसवल्या आहेत, एक लाल आणि एक निळी. वर पार्कच्या जुन्या कमानीवरची सुटी सुटी अक्षरे आहेत. तिथल्या एका तलावाचे नाव ‘ई-तिकीट’. पूर्वी डिस्नेलँडमध्ये प्रत्येक राइडला वेगळे तिकीट असे. त्यांच्या पुस्तिकेतले सर्वांत महागडे म्हणजे ई-तिकीट. मोनोरेलला तेच लागे. १९८२ मध्ये ही पद्धत बंद झाली. म्हणजे आज तिथे डुंबणाऱ्या मुलांच्या आई-वडिलांपैकीही अनेकांनी ते तिकीट कधी पाहिलेले नाही.

याला ढोंग म्हणायचे का? काही प्रमाणात हो. पण २०११ मध्ये सुरू झालेला ‘ट्रेडर सॅम्स’ हा छोटा बार वेगळा निघाला. ठरावीक पेय मागवले की खिडकीबाहेरचा ज्वालामुखी पेटतो, दुसऱ्या पेयावर बाटलीतले जहाज बुडते, आणि बारच्या स्टुलावर बसलेला माणूस नकळत हळूहळू खाली जातो. ट्रेडर सॅम हे पात्र पार्कमधल्या ‘जंगल क्रूझ’ या राइडमधले. आदिवासींचे चित्रण वंशभेदी असल्याच्या टीकेनंतर २०२१ मध्ये त्या राइडमधून त्याची मूर्ती काढण्यात आली. बार मात्र सुरू राहिला. रॅदर यांच्या बंदरासारखेच हेही काम : पाहुण्याला संध्याकाळी आवारात थांबवायचे. फरक एवढाच की इथे ग्लासाचे बिल येते.

२०२३ मध्ये हॉटेलात ३४४ खोल्यांची आणखी एक नवी इमारत उघडली.

आपल्याकडे हा प्रश्न आहे का?

अजून फारसा नाही. खोपोलीचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले आणि त्याला लागून असलेले हॉटेल २०१५ मध्ये. तिथे पहिल्यांदा राहिलेली मुले आत्ता कुठे कॉलेजात आली आहेत. एस्सेलवर्ल्डला हॉटेल नव्हते, तरी नव्वदच्या दशकातल्या मुंबईकराला राइडच्या जोडीने गोराईच्या खाडीतली बोट आठवतेच, आणि ती तर जाहिरातीत मुख्य आकर्षण म्हणून कधी नव्हती.

तिथे जाणाऱ्यांना आज काय दिसेल?

१९६२, १९७० आणि १९७८ चे तिन्ही टॉवर जागेवर आहेत, बाहेरचे रूप बदललेले. मोनोरेल चालू आहे; डाउनटाउन डिस्नेच्या स्टेशनवरून बसायचे तर पार्कचे तिकीट हवे, कारण ती थेट आत सोडते. ई-तिकीट तलावात फक्त हॉटेलमध्ये राहणाऱ्यांना पोहता येते, कमानीची अक्षरे मात्र बाहेरूनही दिसतात. ट्रेडर सॅम्समध्ये कोणालाही जाता येते. मुले बरोबर असतील तर रात्री आठच्या आत पोहोचावे, त्यानंतर २१ वर्षांखालच्यांना आत घेत नाहीत.